गड्ड्यात पत्रिका वाटल्या की झाली सुवार्ता?

सातरस्ता: सलाम. काल इथं एकानं लिहिलं, 'आपली ख्रिस्ती मंडळी रविवारी चर्चात बाकं उबवते, कंपाउंडबाहेर तोंड उघडत नाही. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरला की येशूच्या पत्रिका वाटा. लाज वाटते त्यानं उपासनेला येऊच नये.' झोप लागली नाही, म्हणून लिहितो. वीस वर्षं अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहे. शेजारच्या मागावर पद्मशाली माणूस. त्याची बायको दवाखान्यात होती तेव्हा रात्री डबा मी न्यायचो. आठव्या दिवशी त्यानंच विचारलं, 'जेवायच्या आधी डोळे मिटून काय म्हणता ओ?' तेव्हा सांगितलं. बाप्तिस्मा त्यानं घेतला नाही, घेईल असंही वाटत नाही. पण आजही विचारत असतो. गड्ड्यातल्या पत्रिकेत लोक शेंगा बांधून नेतात.

विजापूर वेस: ती पोस्ट माझीच. वीस वर्षांत एक माणूस, तोही निम्मा! येशूचा प्रेषित पौल अथेन्सच्या बाजारात रोज उभा राहून बोलायचा, कुणी विचारायची वाट बघत नव्हता. आणि घटनेच्या 25 व्या कलमात प्रचाराचा हक्क आहे.

कडकभाकरी: कलमाच्या पुढचंही वाचा. 1977 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, प्रचार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याचा हक्क नव्हे. मी ख्रिस्ती नाही, सिद्धरामाची, म्हणजे सिद्धेश्वराची भक्त आहे. यात्रेत त्याचे नंदीध्वज समोरून चाललेत, आम्ही हात जोडलेत, आणि त्याच हातात तुम्ही कागद कोंबणार? नाताळला तुमच्या दारात येऊन आरती करू का?

विजापूर वेस: या की. करंज्या मिळतील.

टाळकरी: दुखणं वेगळंच आहे. आपलं बोलणं, गाणं लोकांना आपलं वाटत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. आमच्याकडे आता ड्रम आणि भिंत हादरवणारा स्पीकर. मी टाळ काढले तर एक पोरगा म्हणतो, 'अंकल, हे वारीत न्या.'

कीबोर्डवाला: तो पोरगा मीच. वारीत न्या म्हटलं कारण तिथं शेकडो टाळांत तुमचा एक चुकलेला खपून जाईल.

टाळकरी: तू पाळण्यात होतास तेव्हापासून वाजवतोय!

कीबोर्डवाला: तेव्हापासूनच चुकतंय.

सातरस्ता: टिळकांचं काढलंत म्हणून. 1917 ला त्यांनी मिशनचं काम सोडलं आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही तिथं जागा होती. माझ्या मागवाल्याला त्यांनी निम्मा म्हटलं नसतं.

टाळकरी: आणि तिथं ड्रमही नव्हता.

सेटलमेंटचा नातू: तुमचं चालू द्या. माझे आजोबा इथल्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडायच्या वसाहतीत, तारेच्या आत. कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे. हजेरी चुकली की शिक्षा, आणि त्याच तारेत सुवार्ता. 1952 ला गुन्हेगार जमातींचा कायदा गेला, तरी आजोबा मरेपर्यंत उपासनेला गेले. चुलते पुन्हा कधी पायरी चढले नाहीत. खरं कोण, मला विचारू नका. पण ज्याला उठून जायची मोकळीक आहे त्यालाच सांगा. दर्शनाच्या रांगेतला माणूस कुठं जाणार?

विजापूर वेस: बरं बाबा, रांग सोडली. गड्डाही सोडला. तुम्ही सगळे संत, मीच एक आगाऊ. पाचशे पत्रिका छापून बसलोय, त्यांचं काय करू तेवढं सांगा.

कडकभाकरी: शेंगा मी देते.

टाळकरी: रविवारी टाळ आणतोय. कुणी अडवून बघा.