ट्रेडमार्क: क्लास वेगळा पण नाव जवळचं, अर्ज करू का?

साबण आणि फेसक्रीमसाठी नाव रजिस्टर करायचंय. पहिलं नाव मालाचं नुसतं वर्णन करणारं होतं, तसली सहसा नाकारतात म्हणून सोडलं, आता काहीच अर्थ नसलेला बनवलेला शब्द घेतलाय. क्लास 3 मध्ये (ट्रेडमार्कसाठी मालाचे गट म्हणजे क्लास, साबण-क्रीमचा हा) सर्च केला, स्पेलिंग बदलून पण बघितलं, तिथे काही नाही, पण क्लास 5 मध्ये (औषधांचा गट) औषधी मलमाचं एक नाव उच्चाराला बरंच जवळ जातंय आणि ते रजिस्टर्ड आहे. माल अजून बाजारात नाही, पॅकिंग छापायचं थांबवलंय, बजेट एकाच अर्जाचं आणि लोगो पुढे बदलणार हे नक्की. तर क्लास वेगळा असूनही मलमवाले हरकत घेऊ शकतात का, आणि अर्ज नुसत्या शब्दाचा करू की लोगोसकट?