एटीव्हीमुळे शिकार साधते की बिघडते?

उतारावरचा

मंडळी, कोलोरॅडोत पहिल्या रायफल सीझनला (रायफलने शिकारीच्या पहिल्या हंगामाला) एल्कसाठी, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणासाठी, जाणारं कोणी इथे असेल तर जरा सांगा.

चार वर्षं मी पायीच जात होतो. नॅशनल फॉरेस्टची, म्हणजे सरकारी जंगलाची जमीन, दरवर्षी तीच घळ, तीच खिंड. चार वर्षांत दोन एल्क मिळाले, एक मादी आणि एक नर. उरलेली दोन वर्षं हात हलवत परत. गेल्या ऑक्टोबरात मित्राने त्याची एटीव्ही, म्हणजे डोंगरात चालणारी उघडी चारचाकी, देऊ केली. माझं वय ५२, डावा गुडघा उतारावर कुरकुरतो, त्यामुळे मीही आढेवेढे घेतले नाहीत. त्या पाच दिवसांत जेवढा डोंगर पालथा घातला तेवढा आधीच्या चार वर्षांत मिळून घातला नसेल. एल्क दिसले तीन. तेही दुर्बिणीतून, पलीकडच्या धारेवरून उतरताना, पाठमोरे.

पहिल्या दिवशी पहाटे पावणेपाचला खिंडीत पोचलो. पायी दीड तास लागतो, गाडीने वीस मिनिटं. स्वारी खूश. इंजिन बंद केलं, दिवा मालवला, समोरच्या उताराकडे पाहिलं तर दिव्यांची माळ लागलेली. मोजले. अकरा. सगळे माझ्यासारखेच, आपण लवकर पोचलो या आनंदात.

पण मनातून जात नाही तो तिसरा दिवस. रात्री चार बोटं बर्फ पडलं होतं. पहाटे वर जाताना रस्ता कोरा होता, पहिली चाकोरी माझीच. नऊच्या सुमारास परत खाली येताना एका वळणावर खुरांचे ठसे दिसले. उतरून पाहिलं. पाच-सहा जनावरं रस्ता ओलांडून खालच्या गर्द झाडीत गेलेली. त्यातला एक ठसा नेमका माझ्या टायरच्या नक्षीवर पडला होता. खुराने नक्षी मोडली होती, टायरने खूर नाही. म्हणजे मी पुढे गेल्यावर ते ओलांडून गेले. त्या ठशात बोट घालून बघितलं, कडा अजून भुसभुशीत होत्या, बोट लागताच ढासळल्या.

आता मित्र म्हणतो, दोघांत मिळून एक घेऊन टाकू. घ्यावी का? गाडीमुळे शिकार बिघडली, की मला ती वापरता आली नाही, की नुसतंच नशीब?

गारठा

घ्या. डोळे मिटून घ्या.

शिकार मिळणं हे काम निम्मंच. मोठा नर तीनशे किलोच्या घरात असतो. हाडं काढून टाकली तरी ऐंशी-शंभर किलो मांस उरतं. पाठीवर एका खेपेला पंचवीस किलो धरा. चार खेपा, म्हणजे जाऊन-येऊन आठ वेळा तोच डोंगर, आणि तुम्ही गुडघ्याचं सांगताय! त्यात एल्कचं कातडं इतकं जाड की आतली ऊब तासन्‌तास धरून ठेवतं. ऑक्टोबरात दुपारी ऊन निघालं आणि कातडं उतरवायला उशीर झाला तर मागच्या मांडीत, हाडाला लागून, मांस आंबतं. बाहेरून कळत नाही, सुरी घातल्यावर वास येतो. माझी एक अख्खी मांडी अशी गेली आहे. त्या दिवशी गाडी असती तर वाचली असती.

गाडीने एल्क पळतात म्हणून जे म्हणतात त्यांनी एकदा चौथ्या खेपेला माझ्याबरोबर यावं.

जुनी_काडतुसं

गारठा बोलताहेत मांसाबद्दल, प्रश्न आहे जनावर दिसण्याबद्दल. त्यांचं म्हणणं पटतं, पण या प्रश्नाचं उत्तर ते नव्हे.

गाडीने एल्क हलतात का, हे आता फक्त शेकोटीच्या गप्पांवर राहिलेलं नाही. ओरेगनच्या ईशान्येला ब्लू माउंटन्समध्ये स्टार्की नावाचं प्रायोगिक जंगल आहे. जवळजवळ १०० चौरस किलोमीटर, भोवती अडीच मीटर उंच कुंपण, आतल्या एल्कच्या आणि म्यूल डिअर जातीच्या हरणांच्या गळ्यात रेडिओ कॉलर. २००२ पासून तिथे याच गोष्टीचा प्रयोग झाला. पाच दिवस नुसत्या एटीव्ही फिरवायच्या, मग नऊ दिवस जंगलात कोणी नाही. मग पाच दिवस सायकली. तसंच पायी चालणारे, तसंच घोडेस्वार. चौघांमुळेही एल्क हलले, पण सगळ्यात जास्त एटीव्हीमुळे, त्याखालोखाल सायकलींमुळे. म्यूल डिअरच्या हालचालीत मात्र तेवढा फरक दिसला नाही. पुढे २०१८ मध्ये त्याच जंगलातला जो अभ्यास छापून आला त्यात एल्क माणसांपासून सरासरी साधारण ५५० ते ८८० मीटर अंतर राखून होते. सर्वांत लांब एटीव्हीपासून. पायी जाणाऱ्यांनी मिशीला पीळ देऊ नये, त्यांच्यापासूनही जनावर अर्धा किलोमीटर लांबच होतं.

त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, जॅक लायन या संशोधकाने रस्त्यांचा हिशोब मांडला होता. एका चौरस मैलात एक मैल रस्ता असला की एल्कच्या दृष्टीने त्या जंगलाचा उपयोग निदान पाव हिश्शाने घटतो. दोन मैल असला की निम्म्यावर येतो. जंगल तेच, चारा तोच, फक्त रस्ता वाढला.

आता तुमच्या त्या ठशाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात मला तोच सगळ्यात आवडला. तुमचे एल्क घाबरून पळाले नाहीत. ते झाडीत उभे राहिले, गाडी गेली, आवाज विरला, मग सावकाश निघाले. मी एकदा हे वरून पाहिलंय. एका कड्यावर बसलो होतो, समोर गवताळ मोकळवनात चौदा एल्क चरत होते, खालून रस्ता गेलेला. एक एटीव्ही आली. सगळ्यांची तोंडं वर, कान पुढे, पण जबडे चालूच. गाडी जाईपर्यंत कोणी जागचं हललं नाही. पंधरा मिनिटांनी दुसरी आली. ती वळणावर थांबली. इंजिन सुरू होतं तोवर ठीक. इंजिन बंद झालं तसे चौदाही जबडे थांबले. पुढची म्हातारी मादी वळली आणि मिनिटाभरात मोकळवन रिकामं. गाडीतल्या माणसाचा पाय अजून जमिनीला लागला नव्हता.

चालत्या गाडीचा आवाज आला की ती कुठे आहे हे त्यांना कळत असतं. पंचाईत होते ती आवाज बंद पडल्यावर.

म्हणून मी गाडी वापरतो, पण जिथे बसायचं तिथून निदान एक धार आड ठेवतो. फटफटायच्या तासभर आधी तिथून पायी निघतो. आणि सकाळी दहाच्या आत किल्लीला हात लावत नाही, मग समोर काही असो वा नसो.

तुम्ही किती वाजता जागेवरून उठून किल्ली लावत होता?

बांधावरून

वरचं सगळं एल्कला आणि सरकारी डोंगराला लागू. मी विस्कॉन्सिनमध्ये खासगी शेतात व्हाइटटेल हरणांच्या मागे असतो, तिथला मामला उलटा. शेतकरी रोज एटीव्हीवरून कुंपण बघत फिरतो, चारा टाकतो. हरणं मान वर करून पाहतात आणि पुन्हा चरायला लागतात. पायी माणूस दिसला की मात्र शेपटी वर, पांढरी निशाणं फडकवत पसार. तिथे आम्ही दोघं गाडीवरून जातो. मचाणापाशी एक जण उतरतो, दुसरा इंजिन बंद न करता तसाच पुढे जातो. हरणांच्या लेखी गाडी आली आणि गेली. जुनी_काडतुसं इंजिन बंद होण्याबद्दल म्हणतात ते इथून पाहिलं तरी खरंच.

एक बारीक गोष्ट, वासाची. पेट्रोल आदल्या दिवशी भरा, आणि ज्या हातमोज्यांनी भरलं ते मचाणावर नेऊ नका. चाळीस पावलांवरून बाण मारणाऱ्याला याची किंमत विचारा. रायफलवाल्यांचं एक वेळ चालून जातं.

नकाशावाला

कोणीच नियमांचं बोललं नाही म्हणून थोडक्यात. कोलोरॅडोत एटीव्हीवर रायफल नेताना चेंबर आणि मॅगझिन दोन्ही रिकामी हवीत आणि रायफल पूर्ण बंद पिशवीत किंवा पेटीत हवी. तोंड उघडं असलेलं म्यान चालत नाही. गाडीवरून गोळी झाडणं, गाडीने जनावर हाकणं, दोन्ही गुन्हे. वन खात्याचा मोटार-वाहनांचा जो नकाशा असतो त्यावर रस्ता दाखवला नसेल तर तो रस्ता नाही, मग समोर शंभर चाकोऱ्या का दिसेनात. वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या भागात १९६४ च्या कायद्याने इंजिनच बंद. मांस आणायलासुद्धा नाही, अगदी हाताने ओढायची दोन चाकी गाडीही नाही. रस्ता सोडून मांस आणायला गाडी नेता येते का, हे प्रत्येक जंगलात वेगळं असतं. जनावर पाडायच्या आधी बघून ठेवा.

आणि गारठा, दोन्ही मागच्या तंगड्या मागच्या रॅकवर बांधून चढावर गाडी घालू नका. मी घातली होती. पुढची चाकं अलगद उचलली गेली, मी बाजूला उडी मारली म्हणून आज लिहितोय. गाडी वीस फूट खाली एका पाइनला अडकली. मांस शाबूत, हँडल वाकडं. तेव्हापासून ओझं पुढे-मागे वाटतो आणि कमी नेतो.

उतारावरचा

सगळ्यांचे आभार. जुनी_काडतुसं, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने झोप उडवली. मी शिकारीची वही ठेवतो. रोज संध्याकाळी चार ओळी, कुठे बसलो, किती वाजता जागेवरून उठलो, काय दिसलं. काल रात्री पाचही वर्षांच्या वह्या काढल्या.

गाडीचं वर्ष: पहिल्या दिवशी उठलो ७.३५. दुसऱ्या दिवशी ७.२०. तिसऱ्या दिवशी, तो ठशांचा, बसलोच नाही, थेट वरपर्यंत जाऊन आलो. चौथ्या दिवशी ७.४० आणि पुढे लिहिलंय, "पलीकडची खिंड बघून येऊ". पाचव्या दिवशी तीन जागा बदलल्या.

पायी वर्षं: उठलो ११.१०. उठलो १०.४५. उठलो १२, "झोप लागली". मादी मिळाली ती सकाळी ९.५० ला, नर १०.२० ला. दोन्ही त्याच खिंडीत, त्याच आडव्या पडलेल्या ओंडक्यामागून.

मी पायी असताना फार चिवट होतो अशी माझी समजूत होती. वही काही तसं म्हणत नाही. दीड तास चढून गेल्यावर पुन्हा उठायचा कंटाळा यायचा, म्हणून बसायचो. गुडघा दुखायचा, म्हणून बसायचो. गाडी आल्यावर उठणं फुकट झालं. वीस मिनिटांत दुसरी खिंड, मग इथे गारठत कशाला बसा.

जुनी_काडतुसं

वह्या पुन्हा उघडा. त्या दोन दिवशी गाड्यांचे आवाज आले होते का, तेवढं बघा.

उतारावरचा

बघितलं. मादीच्या दिवशी लिहिलंय: "८.३० पासून खालच्या रस्त्यावर दोन एटीव्ही घरघरतायत, वैताग." नराच्या दिवशी: "पूर्वेकडून तीन गाड्या. आज काही होत नाही."

जुनी_काडतुसं

झालं तर मग. ८.३० ला ते उठले, ९.५० ला तुमच्यासमोर आले. तुमचे दोन्ही एल्क दुसऱ्यांच्या गाड्यांनी तुमच्याकडे पाठवले. गेल्या वर्षी तुम्ही कोणाकडे तरी पाठवत होता. तो माणूस कुठेतरी ओंडक्यामागे बसून तुम्हाला शिव्या घालत असेल आणि फ्रीझर भरत असेल.

गारठा

म्हणजे घ्यायची की नाही?

उतारावरचा

मित्र घेतोय. निम्मे पैसे मी देतोय, तुमच्या त्या आंबलेल्या मांडीला घाबरून. गाडी तळावर राहील. पहाटे पायी जाणार, जनावर पडलं तर रेडिओवरून बोलावणार, आणि नकाशात रस्ता आहे तिथपर्यंतच ती येणार. गुडघ्यासाठी दोन काठ्या घेतल्या आहेत. एक दिवस आधी निघून रात्री खिंडीच्या खालीच मुक्काम करायचा विचार आहे, म्हणजे चढ अर्ध्या तासाचाच उरेल.

यंदा मात्र खिंडीत बसणार नाही. त्या वळणाच्या खाली, जिथे ठसे झाडीत शिरले होते, तिथे एक जुना ओंडका हेरून ठेवलाय. वरच्या रस्त्याने अकरा दिवे जातील ते जाऊ देत. ते गेल्यावर कोण रस्ता ओलांडतं ते बघायचंय.

बांधावरून

जागा कळली तर बरं होईल. मीही यंदा कोलोरॅडोच्या टॅगसाठी, म्हणजे शिकारीच्या परवान्यासाठी, अर्ज टाकलाय. वळण नेमकं कुठल्या रस्त्यावर म्हणालात?

उतारावरचा

नाही म्हणालो.