पोलीस पडताळणीच्या पुढची चौकशी

कर्मचारी नेमताना त्याच्या पोलीस पडताळणीचा दाखला हाती आला की शाळेची जबाबदारी संपते, असे काहींचे म्हणणे असते. ते मला पटत नाही. २०२० च्या पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) नियमांनी केवळ शिक्षकांचीच नव्हे, तर मुलांच्या संपर्कात येणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचीही पडताळणी आणि पार्श्वभूमीची चौकशी वेळोवेळी करणे बंधनकारक केले आहे. शिवाय जी तक्रार पोलिसांपर्यंत पोहोचलीच नाही, ती दाखल्यात कशी दिसणार? नागपुरात आमच्या स्कूलबसवर मदतनीस नेमताना मी उमेदवाराने अर्जात संदर्भासाठी दिलेला मोबाईल क्रमांक बाजूला ठेवून थेट आधीच्या शाळेच्या कार्यालयात फोन लावला आणि ‘यांना मुलांसोबत पुन्हा ठेवाल का?’ एवढेच विचारले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. लेखी उत्तर येईपर्यंत आम्ही ती नेमणूक थांबवली.