मदत हवी आहे: सीव्हीत (सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत) दोन पीकमधलं अंतर ५९ ऐवजी १८४ मिलिव्होल्ट येतंय

सेमिस्टर_तीन
एमएस्सी ॲनालिटिकलचं प्रॅक्टिकल, सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज पुढे-मागे फिरवत करंट मोजायचा). ५ मिलिमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड, ०.१ मोलर केसीएलमध्ये, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडमध्ये (१०० मिलीला ०.१६५ ग्रॅम आणि ०.७४६ ग्रॅम). वर्किंग ३ मिमी ग्लासी कार्बन, काउंटर प्लॅटिनमची तार, रेफरन्स सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड, आत ३ मोलर केसीएल. स्कॅन +०.६ व्होल्टपासून −०.१ पर्यंत आणि परत. दोन पीकमधलं अंतर मिलिव्होल्टमध्ये (एका इलेक्ट्रॉनच्या जलद अभिक्रियेला ५९ अपेक्षित) असं: २० मिलिव्होल्ट प्रति सेकंदाला १२८, ५० ला १५९, १०० ला १८४, २०० ला २२४. १०० ला कॅथोडिक पीक ६८ मायक्रोॲम्पियर. स्कॅन रेटबरोबर अंतर वाढतंय म्हणून जर्नलमध्ये 'क्वासी-रिव्हर्सिबल' (इलेक्ट्रॉन ट्रान्सफर काहीसा मंद) लिहिलं, तर त्यावर लाल रेघ मारून परत आलं. इलेक्ट्रोड ०.०५ मायक्रॉन ॲल्युमिनावर एकदा घासला होता. शुक्रवारी सबमिशन. चुकतंय कुठे?

पाषाणकर
रेफरन्स बघा. टोकाचा फ्रिट (सच्छिद्र बूच) चोंदला की असंच होतं.

जुनी_बुरेट
नाही हो. रेफरन्समधून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे फ्रिट चोंदला तर आलेख थरथरतो, दोन्ही पीक एकदम एका बाजूला सरकतात, कधी मशीन ओव्हरलोड दाखवतं. मधलं अंतर गुळगुळीतपणे वाढत जात नाही. (फ्रिट चोंदायचं नेहमीचं कारण म्हणजे परक्लोरेटच्या द्रावणात केसीएलचा रेफरन्स बुडवणं. पोटॅशियम परक्लोरेट विरघळत नाही, तिथेच साचतं. इथे तो प्रश्न नाही.)

आधी मशीनला निर्दोष ठरवा. पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) १० किलोओहमचा १ टक्का रेझिस्टर आणा. एका टोकाला वर्किंगची क्लिप, दुसऱ्या टोकाला काउंटर आणि रेफरन्स एकत्र. सेन्सची चौथी वायर असेल तर ती वर्किंगसोबत. −०.५ ते +०.५ स्कॅन करा. शून्यातून जाणारी सरळ रेघ आणि ०.५ व्होल्टला ५० मायक्रोॲम्पियर आले पाहिजेत. आले तर दोष सेलमध्ये.

आता तुमचे आकडे. पीकचा करंट काढायच्या रँडल्स-सेव्हचिक सूत्रात क्षेत्रफळ ०.०७०७ चौ. सेमी, डिफ्यूजन कोएफिशियंट ७.६ × १०⁻⁶ आणि कॉन्सन्ट्रेशन मोल प्रति घन सेंटिमीटरमध्ये (५ × १०⁻⁶, इथे निम्मे लोक घसरतात) घातलं की १०० च्या स्कॅन रेटला ८३ मायक्रोॲम्पियर येतात. तुमचे ६८. पीक बुटकं आणि पसरट झालंय.

मायक्रोॲम्पियर
लाल रेघ 'क्वासी-रिव्हर्सिबल' या शब्दाला नाही, त्यामागच्या कारणाला असणार. स्कॅन रेटबरोबर अंतर दोन गोष्टींनी वाढतं: इलेक्ट्रॉन ट्रान्सफर मंद असेल तर, आणि द्रावणाचा रोध असेल तरी. स्कॅन रेट बदलून त्यांची फारकत होत नाही. कॉन्सन्ट्रेशन बदला. १ मिलिमोलर घेतलं की करंट पाचपट उतरतो, म्हणजे रोधाचा वाटाही पाचपट उतरतो, मंदपणा मात्र तिथेच राहतो.

रोध किती तेही काढा. डिस्कसाठी १ भागिले (४ × कंडक्टिव्हिटी × त्रिज्या). ०.१ मोलर केसीएलची कंडक्टिव्हिटी २५ अंशांना ०.०१२९ सीमेन्स प्रति सेमी, त्रिज्या ०.१५ सेमी: सुमारे १२९ ओहम. ६८ मायक्रोॲम्पियरला जवळपास ९ मिलिव्होल्ट, आणि पीक दोन्हीकडे सरकतात म्हणून १८. म्हणजे ५९ च्या वर जास्तीच्या १२५ पैकी १८ चाच हिशेब लागला. उरलेलं पृष्ठभागाचं असावं.

जुनी_बुरेट
आणि पृष्ठभाग म्हटलं की पॉलिश. नुसतं ०.०५ पुरत नाही. १, मग ०.३, मग ०.०५ मायक्रॉन, प्रत्येकाला वेगळं पॅड. एकच पॅड वापरलंत तर आधीचे जाड कण शेवटपर्यंत ओरखडे काढत राहतात. पॅड ओलं ठेवा, इलेक्ट्रोड अगदी उभा धरा आणि इंग्रजी आठाच्या आकारात (मराठी ८ नव्हे) दीड-दोन मिनिटं फिरवा. तिरका धरलात तर कड गोलसर होते आणि क्षेत्रफळ बदलतं. प्रत्येक पायरीनंतर डिस्टिल्ड पाण्याने धुवा, शेवटी सोनिकेटरमध्ये २ मिनिटं. जास्त ठेवलं तर टेफ्लॉन आणि कार्बनमधला जोड सैल होतो. टिश्यूने पुसू नका. धुतल्यावर लगेच रन घ्या, तासाभराने परत हवेतली घाण बसते.

गुरुवारी बऱ्याचदा पाणी बंद असतं, तेव्हा डिस्टिल्ड पाणी बुधवारीच भरून ठेवा.

सेमिस्टर_तीन
रेझिस्टरवर ०.५ व्होल्टला ४९.८, रेघ सरळ. १ मिलिमोलरला, जुन्याच पृष्ठभागावर, १०० च्या स्कॅन रेटला अंतर १७०. तीन पायऱ्यांच्या पॉलिशनंतर ५ मिलिमोलरला ९२, पीक ८० मायक्रोॲम्पियर. मग केसीएल १ मोलर केलं (१०० मिलीला ७.४५५ ग्रॅम): ७२. पण ५९ काही येत नाही.

मायक्रोॲम्पियर
येणारही नाही, आणि यायला हवं असंही नाही. फेरिसायनाइडची किनेटिक्स (इलेक्ट्रॉन ट्रान्सफरचा वेग) कार्बनच्या पृष्ठभागाबाबत फार नखरेल आहे, ६५ ते ७५ म्हणजे चांगला इलेक्ट्रोड. आकडे मात्र सुरेख जुळले: ५ वरून १ मिलिमोलरला १८४ चे १७०, म्हणजे रोधाचा वाटा १४ च्या आसपास. १ मोलर केसीएलला रोध १५ ओहमवर येतो, अंतरातला त्याचा वाटा अडीच मिलिव्होल्ट. ९२ ते ७२ मधला मोठा भाग तोच, थोडा भाग पोटॅशियम आयन वाढल्याने किनेटिक्स सुधारल्याचा.

जर्नलमध्ये ५९ गाठायचा प्रयत्न करू नका. चारही मोजमापं (पॉलिशआधी ५ आणि १ मिलिमोलर, नंतर ०.१ आणि १ मोलर केसीएल) एका तक्त्यात टाका, शेजारी काढलेला रोध लिहा आणि 'क्वासी-रिव्हर्सिबल' ठेवा.

पाषाणकर
फ्रिटचं मागे घेतो. एक राहिलं: उरलेलं द्रावण ॲसिडच्या वेस्टमध्ये ओतू नका, तीव्र ॲसिडमध्ये आणि गरम झाल्यावर फेरिसायनाइडमधून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. वेगळी बाटली, वर लेबल.