मदत हवी आहे: गीतरामायण ओळीने कसं ऐकायचं? (आणि रेडिओवरचं मूळ कुठे मिळेल?)

लोकहो,

आईला (वय ८०) गीतरामायण ऐकायचंय. काम एवढंच, पण माझे तीन रविवार त्यात गेले.

तिच्या फोनवर गाण्यांचं एक फुकटवालं अॅप आहे. त्यात बाबूजींचं (सुधीर फडके) गीतरामायण सापडलं, पण ते ओळीने वाजतच नाही, पत्ते पिसल्यासारखं कुठूनही कुठेही जातं. परवा आधी सेतू बांधून झाला, मग दोन जाहिराती, मग रामजन्म. आई म्हणाली, "बंद कर बाई ते."

पैसे भरायला माझी ना नाही, पण कशासाठी भरायचे ते तरी कळू दे. देवनागरीत शोधलं तर एक यादी येते, रोमनमध्ये दुसरी. शब्द जोडून लिहा, तोडून लिहा, शेवटी 'ए' लावा, दर वेळी वेगळंच. कुठे निम्मीच गाणी, कुठे गायक म्हणून कवी गदिमांचं (ग. दि. माडगूळकर) नाव, कुठे थेट हिंदी अनुवाद.

आणि खरी गोची पुढेच आहे. आईला मुळात बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं नकोच आहे! १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गाणं लागायचं. ठरली होती ५२, अधिक मास आला म्हणून ५६ झाली. तेव्हा आई दहा वर्षांची, वाड्यात मालकांच्याच घरी रेडिओ, सगळे बिऱ्हाडकरू तिथे जमायचे. त्या कार्यक्रमात माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे गायक होते. सगळी गाणी बाबूजींनी गायली ती रेकॉर्ड नंतरची, आणि मला अॅपवर जिथे तिथे तीच मिळते. कौसल्येचं गाणं लागलं की आई हटकून म्हणते, "हे बाईच्या आवाजात होतं गं."

तर रेडिओवरची ती मूळ ध्वनिमुद्रणं कुणी ऐकली आहेत का? कुठे? आणि तोवर निदान ५६ गाणी क्रमाने, नेट नसतानाही वाजतील अशी सोय कशी करू? आईला फक्त एक बटण दाबता येतं.

---

प्रतिसाद: क्रमासाठी 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळाचा आधार घ्या, तिथे शब्दही आहेत. तो क्रम समोर ठेवून स्वतःची प्लेलिस्ट करा, तयार यादीच्या नादी लागू नका. नेटशिवाय ऐकायला मात्र बहुतेक अॅप्सवर पैसे भरावे लागतात. आणि पैसे भरल्यावरही एकमेकांना छेदणाऱ्या दोन बाणांचं चिन्ह (शफलचं, म्हणजे गाणी क्रम सोडून वाजवणारं) बंद आहे ना ते बघा. आमच्याकडे ते चालूच राहिलं होतं, महिनाभर अॅपलाच शिव्या घातल्या.

---

धागाकर्ती: बाणांचं चिन्ह सापडलं, धन्यवाद! एक महिन्याचे पैसे भरलेत, ३१ गाणी लावून झाली, उरलेली आज रात्री. आकाशवाणीच्या मुद्रणांचं कुणाला ठाऊक असेल तर मात्र जरूर लिहा, आई रोज विचारते.