मदत हवी: बोआना पंक्टाटाचा फ्लुओरेसन्स फोटोत येत नाही

शेवाळ:
ब्राझीलमधल्या मनाउसजवळ नदीकाठच्या तरंगत्या गवतात बोआना पंक्टाटा (तीन-चार सेंमीचा ठिपकेवाला झाडबेडूक) रात्री दिसतोय. त्याचा फ्लुओरेसन्स (प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात चमकणं) टिपायचाय. टॉर्च 365 नॅनोमीटरचा, त्यावर काळी झेडडब्ल्यूबी-2 काच (दिसणारा प्रकाश अडवून यूव्ही जाऊ देणारी). लेन्सवर फिल्टर नाही. बेडूक नुसता जांभळट येतो, ठिपके तर मुळीच चमकत नाहीत. काय चुकतंय?

पाणकणीस:
टॉर्च बदला. या बेडकाची द्रव्यं (हायलॉइन) 390 ते 430 नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजित होतात. 365 त्याच्या बाहेर पडतो. 400-405 चा टॉर्च घ्या आणि ती काळी काच काढून टाका, नाहीतर 405 तिथेच अडेल.

लेन्सवर 450 चा लाँगपास फिल्टर (450 नॅनोमीटरच्या वरचाच प्रकाश जाऊ देणारा) हवाच. बेडकाचा स्वतःचा प्रकाश निळा-हिरवा असतो. फिल्टर नसेल तर परावर्तित जांभळ्यात तो बुडतो. गडद पिवळा फिल्टर लावलात तर निळा भाग जातो, फक्त हिरवा उरतो.

ठिपक्यांच्या मागे लागू नका. हायलॉइन लसिकेत (कातडीखालच्या द्रवात) आणि त्वचेच्या ग्रंथींत असतं, कातडी अर्धपारदर्शक, त्यामुळे सगळं अंगच उजळतं. 2017 साली अर्जेंटिनातल्या संशोधकांनी हे दाखवलं. पौर्णिमेच्या चांदण्यात आणि संधिप्रकाशात अंगावरून येणाऱ्या एकूण प्रकाशातला साधारण 18 ते 30 टक्के हा फ्लुओरेसन्सच असतो.

सुरुवातीला आयएसओ 1600, एफ/5.6, अर्धा सेकंद, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). व्हाइट बॅलन्स 5500 केल्व्हिनवर बांधा. ऑटोवर कॅमेरा निळा रंग 'दुरुस्त' करून टाकतो. फोकस साध्या उजेडात मॅन्युअलवर पक्का करा, मग डोक्यावरचा दिवा पूर्ण बंद, लाल असला तरी.

शेवाळ:
दिसतोय तो फ्लुओरेसन्सच, हे कसं ओळखायचं?

पाणकणीस:
त्याच सेटिंगवर स्टीलच्या चमच्याचा फोटो काढा. काळा आला तर फिल्टर ठीक; निळा दिसला तर टॉर्चचा प्रकाश गळतोय. पांढरा कागद नको, त्यातले ब्राइटनर स्वतःच चमकतात. हिरवं पान मंद लाल दिसेल, ते हरितद्रव्य.

रानपाखरू:
ओरडणाऱ्या नराला अर्धा सेकंद स्थिर मिळणं अवघड, दोन हाकांमधली गॅप पकडा. टॉर्च बाजूने, हातभर अंतरावरून, काही सेकंदच. 405 डोळ्यांना वाईट, तुमच्याही, म्हणून 405 अडवणारा पिवळा-केशरी गॉगल घाला; साधा यूव्ही गॉगल साधारण 400 पर्यंतच अडवतो. हाताला डास-मलम असताना बेडकाला शिवू नका, कातडीतून भिनतं. पकडून अभ्यास करायचा असेल तर आयसीएमबायोच्या (ब्राझीलची सरकारी जैवविविधता संस्था) सिसबायो या ऑनलाइन प्रणालीवरून आधी परवाना लागतो.