गुप्तचर खात्यातून माणूस निवृत्त होतो, पण घरी येतो का?

मयेची लेक
माझे बाबा 31 वर्षं गुप्तचर खात्यात होते. कोणत्या शाखेत, कुठे, ते लिहिणार नाही, आणि खरं तर मला ठाऊकही नाही. शाळेच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे आई ‘केंद्र सरकारी नोकरी’ एवढंच लिहायची. निवृत्त होऊन डिचोलीला परतले त्याला नऊ वर्षं झाली.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला त्यांच्याबरोबर गेलं की सरळ वाटेने जाणं नाही. मिरच्यांच्या ओळीपाशी थांबतात, भाव विचारायच्या निमित्ताने मागे बघतात आणि मग भलत्याच बाजूने आत शिरतात. रात्री तीनला उठून मागच्या दाराची कडी चाचपतात. गेल्या चवथीला सगळं घर गणपतीपुढे, फळापानांच्या माटोळीखाली फोटोसाठी उभं राहिलं. बाबा पाण्याचा तांब्या आणायला म्हणून आत गेले, ते फोटो होईपर्यंत बाहेर आलेच नाहीत. आमच्या एकाही अल्बममध्ये ते नाहीत.

या नोकरीने मनावर जे होतं त्याच्या उपचाराची सोय खात्यानेच करायला हवी, असं माझं मत आहे. नोकरीत असताना, निवृत्तीनंतर आणि घरच्यांसाठीही. तुम्हाला काय वाटतं?

सत्तरीकर
ताई, बाबांबद्दल आदर आहे, पण म्हणणं पटलं नाही. मी पोलिसात होतो. महामार्गावरच्या अपघातांत माणसांचे तुकडे गोणपाटात भरले आहेत, आणि त्याच दिवशी घरी येऊन जेवलोही आहे. आम्हाला कोणी समुपदेशक दिला नाही. गुप्तचर खात्यात मूळ पगाराच्या 20 टक्के विशेष सुरक्षा भत्ता मिळतो, तो याच ताणाचा. नोकरी काय आहे हे माहीत असूनच माणूस तिथे जातो.

फोंडेकर
माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. माझे आजोबा गोवा मुक्तीच्या लढ्यात होते. गावातल्याच एका खबऱ्याने त्यांचं नाव पोर्तुगीज पोलिसांना दिलं आणि त्यांची रवानगी आग्वादच्या तुरुंगात झाली. पोर्तुगीज पोलिसांतल्या क्रूर आजेंत मोंतेरोचं नाव निघालं की आजीचा हात शेवटपर्यंत थरथरायचा. 19 डिसेंबर 1961 ला पाखले, म्हणजे पोर्तुगीज, गेले, तरी तिचं घाबरणं गेलं नाही. पाळत ठेवणाऱ्याच्या मनाची काळजी करण्याआधी, ज्याच्यावर पाळत असते त्याच्या मनाचं काय झालं ते विचारा. त्याला तर भत्ताही नाही.

मयेची लेक
सत्तरीकर काका, तुमच्यावर अन्यायच झाला, पण तुम्हाला मिळालं नाही म्हणून कोणालाच मिळू नये का? शिवाय तुम्ही घरी येऊन ‘आज फार वाईट बघितलं’ एवढं तरी म्हणू शकत होतात. माझ्या आईने तेही कधी ऐकलं नाही.

फोंडेकर, तुमच्या आजीचं दुःख मी नाकारत नाही. पण परकीय राजवटीचा खबऱ्या आणि आपल्या देशासाठी काम केलेला माणूस यांना एका दावणीला बांधू नका.

बांबोळीजवळची
मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. कोणा रुग्णाबद्दल लिहीत नाही, फक्त हे कसं घडतं ते सांगते. मागे कोण आहे, गाडीचा नंबर काय, कोणाचा आवाज बदलला, हे टिपायची सवय शरीराला लावली जाते. कामावर ते कसब असतं. पुढे काम सुटतं, पण सवय सुटत नाही. मग तीच निद्रानाश होते, संशय होते.

याहून जड गोष्ट वेगळीच आहे. माहिती देणारा माणूस असाच हाताशी येत नाही. महिनोन्‌महिने त्याच्याशी मैत्री करावी लागते. त्याचं कर्ज किती, मुलीचं लग्न कुठे अडलंय, आईचं औषध कोणतं, सगळं कळून घ्यावं लागतं. ही मैत्री खोटी असते का? अर्धी खोटी, अर्धी खरी. तो पकडला गेला तर ज्याने त्याला या वाटेवर आणलं, त्याला त्याच्या दारात जाऊन दोन शब्द बोलता येत नाहीत. सुतकच नाही, मग रडणार कसं? या अपराधी भावनेवर भत्ता चालत नाही.

वास्कोचा विनू
पण माणसाला गप्प राहणं जमतं, हेही खरं. आमच्या मुरगाव बंदरातलीच गोष्ट घ्या. 9 मार्च 1943 च्या रात्री ‘एरनफेल्स’ हे जर्मन जहाज बुडालं. ब्रिटिश गुप्त संघटनेने त्यासाठी ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतली व्यापारी, कचेरीतली, वय झालेली माणसं पाठवली होती. ही हकीकत जगापुढे यायला 1978 उजाडलं. पस्तीस वर्षं तोंडाला कुलूप लावूनही ते संसार करत होते.

मयेची लेक
विनू, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ते सगळे एका शहरातले, एका पलटणीतले. काम एका रात्रीचं. बाहेर बोलता आलं नाही, तरी एकमेकांजवळ बसून ती रात्र पुन्हा काढता येत होती. बाबांना कोण होतं? 1985 च्या कायद्याने गुप्तचर संस्थांतल्या लोकांच्या संघटना करण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर निर्बंध आणले. 2021 च्या पेन्शन नियमांनी निवृत्तांनाही खात्याच्या कामाबद्दल विनापरवानगी काही प्रसिद्ध करायला मनाई केली.

आणखी एक. सशस्त्र पोलीस दलांतल्या आत्महत्यांचे आकडे निदान संसदेत तरी सांगितले जातात. गुप्तचर संस्था माहिती अधिकाराच्या कलम 24 खाली बाहेर आहेत. भ्रष्टाचाराचा किंवा मानवी हक्कांच्या भंगाचा आरोप असेल तरच खिडकी उघडते. किती जण आतून कोसळले, हे विचारायचं कुठे?

सत्तरीकर
गुपितं डॉक्टरपुढे उघडी करायची? उद्या तो डॉक्टरच फितला तर?

बांबोळीजवळची
काका, नाव, गाव, फाईल यातलं काहीच सांगावं लागत नाही. ‘झोप लागत नाही, एक चेहरा डोळ्यांपुढून जात नाही’ एवढ्यावर आम्ही काम सुरू करतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. त्यातूनही खात्याला भीती असेल, तर पारखून घेतलेले स्वतःचे डॉक्टर ठेवावेत. खरी अडचण ही की, उपचार घेतले तर सेवापुस्तकात नोंद होईल आणि पुढची जबाबदारी मिळणार नाही, या धाकाने माणूस येतच नाही. त्यातून आपल्याकडे मनोरुग्णालय बांबोळीला, म्हणून ‘बांबोळीला नेलं’ म्हटलं की शेजारी दार ओढून घेतात.

फोंडेकर
सोय करा, माझी ना नाही. पण ज्यांना चुकीने संशयित ठरवून वर्षानुवर्षं मागे लागले, त्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा उपचारही त्याच पैशातून व्हावा. ही अट मी सोडणार नाही.

मयेची लेक
ही अट मला मान्य आहे. माझ्या मनात आधी आली नव्हती.

सत्तरीकर
भत्त्याबद्दल माझं मत तेच आहे. पण ‘सुतकच नाही’ हे वाचून रात्री बराच वेळ जागा होतो. मुली, साखळीला आम्ही तिघे निवृत्त हवालदार संध्याकाळी एका चहाच्या दुकानात बसतो. कोणी कोणाला जुनं काही विचारत नाही. पावसाचं बोलतो, काजूचं बोलतो. बाबांना घेऊन ये.

मयेची लेक
सोमवारी आणते, काका. फक्त भिंतीला पाठ लागेल आणि दार समोर दिसेल, अशी खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी ठेवा.

सत्तरीकर
तिथे मी बसतो. पण ठेवतो.